उसन्या शब्दांचें ऋण

मनुष्याच्या मिळकतींत पैसा, जमीन आणि नांवलौकिक यांची गणना करण्याची चाल आहे. शब्दांची गणना सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक पाहतां, जी जन्मभर उपयोगी पडते, जी दिल्यानें कमी होत नाहीं व जी चोरासही नेतां येत नाहीं, अशी मिळकत शब्दांचीच होय. परंतु या मिळकतींतही प्रकार आहेत. कांहीं शब्द आपणांस वारशानें मिळालेले असतात, कांहीं आपण कष्टानें मिळवितों, आणि कांहीं केवळ उसने आणलेले असतात. घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे शेजारच्या घरून भांडीं आणावीं, तसे. कार्य उरकलें कीं भांडीं परत जातात. या तिसऱ्या प्रकारच्या शब्दांविषयीं येथें थोडा विचार करावा असा आमचा हेतु आहे. जो शब्द केवळ परीक्षेचें दार उघडण्याकरितां पाठ केला, तो आपला झाला काय? आणि झाला नसेल, तर तो आपला म्हणून मिरविणें कितपत प्रामाणिकपणाचें आहे?

हा प्रश्न हवेंतला नाहीं. अमेरिकेंत पदवीनंतरचें शिक्षण घेऊं इच्छिणारे आमच्याकडील हजारों तरुण ‘जी. आर. ई.’ नांवाच्या परीक्षेची तयारी करतात. या परीक्षेचा पाया १९३६ सालीं कार्नेगी प्रतिष्ठान आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांनीं मिळून घातला. १९४८ पासून ती एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेच्या हातीं आहे. तिच्या भाषाविषयक भागास १३० पासून १७० पर्यंत गुण मिळतात. २०११ पर्यंत या भागांत विरुद्धार्थी शब्द ओळखण्याचे आणि शब्दांच्या जोड्यांतील साम्य हुडकण्याचे सुटे प्रश्न असत. त्या वर्षीं ते काढून टाकण्यांत आले. आतां गाळलेली जागा भरावयाची, सहा शब्दांतून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवतील असे दोन निवडावयाचे, आणि उतारे वाचून उत्तरें द्यावयाचीं, अशी रीत आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून तर सबंध परीक्षा दोन तासांच्या आंत आटोपते. सुटे शब्द विचारावयाचे नाहींत असें परीक्षकांनीं ठरविलें, तरी सुटे शब्द पाठ करण्याची चाल मात्र गेली नाहीं. हजार हजार शब्दांच्या याद्या आजही घरोघर घोकल्या जात आहेत. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा दोन-तीन शब्दांत अर्थ, आणि रोज तीस शब्दांचा नेम, असा हा क्रम असतो.

विचार मोघम राहूं नये म्हणून आपण एक गांव डोळ्यांपुढें आणूं. पुणें जिल्ह्यांत, भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखांत पासली नांवाचें लहानसें गांव आहे. तोरणा किल्ल्याचा हा परिसर. येथून वाट पुढें केळदकडे व मढे घाटाकडे जाते. पाऊस मुबलक, जमीन उताराची, आणि भात हें मुख्य पीक. अशा गांवांतील एखादा मुलगा मराठी शाळेंत शिकून पुण्यास आला, तेथें त्यानें इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि आतां तो या परीक्षेस बसावयाचा आहे, असें समजा. आम्ही कोणा विशिष्ट मुलाविषयीं बोलत नाहीं. परंतु असे मुलगे व अशा मुली आज महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यांत सांपडतील.

या मुलाच्या घरीं शब्दांचा तोटा आहे असें नाहीं. राब भाजण्यापासून भात झोडण्यापर्यंत एका पिकाचे जितके टप्पे, तितके शब्द. चिखलणी निराळी, लावणी निराळी, बेणणी निराळी. डोंगराची सोंड वेगळी, खिंड वेगळी, माळ वेगळा, आणि बांध घालून केलेलें खाचर वेगळें. पाऊस भुरभुरतो आहे, रिपरिप लागली आहे, झड बसली आहे, कीं नुसती सर येऊन गेली, हा भेद अशा घरांतील आजीबाई कौलांवरच्या आवाजावरून सांगतील. मोठमोठ्या विद्वानांचा शब्दसंग्रह याहून मोठा असेल; परंतु याहून अचूक असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तरीही याच घरांतील मुलगा खोलीचें दार लावून यादी घोकूं लागला म्हणजे त्याच्या मनांत पहिली समजूत कोणती दृढ होते? आपल्यापाशीं शब्द नाहींत, ही. या समजुतीकडे आपण पुढें वळूं.

घोकण्यावर पहिला आक्षेप येतो तो पोपटपंचीचा. ‘घोका आणि ओका’ या शब्दांनीं आपण या पद्धतीची संभावना करतों. आमच्या मतें हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ज्या समाजांत मुलांना पाढे व स्तोत्रें मुखोद्गत करावयास लावीत, आणि ज्यांत संस्कृताच्या विद्यार्थ्यास अमरकोश पाठ असणें ही साधी गोष्ट मानीत, त्या समाजानें पाठांतरास नांवें ठेवणें शोभत नाहीं. परंतु अमरकोश व परीक्षेची यादी यांतील अंतर पाहण्यासारखें आहे. अमरसिंहानें आपले शब्द वर्णक्रमानें मांडले नाहींत. स्वर्ग, दिशा, काल, भूमि, नगर, पर्वत, वनौषधि अशा वर्गांत ते बसविले. शब्द येई तो आपल्या गोतावळ्यासह येई, आणि पाठांतर करणाऱ्यास नकळत जगाची एक रचना समजत जाई. शिवाय तो कोश पाठ करावयाचा तो पुढें काव्यें व शास्त्रें वाचतां यावीं म्हणून. म्हणजे पाठांतर संपल्यावर शब्दाचें काम सुरू होई. परीक्षेच्या यादींतील शब्दाचें काम परीक्षेबरोबर संपतें. तेव्हां दोष पाठांतराचा नव्हे. ज्या हेतूनें पाठांतर होतें त्या हेतूचा आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. यादी खोटें बोलते. एका शब्दापुढें दुसरा शब्द मांडून ती त्यांच्यामध्यें बरोबरीचें चिन्ह घालते. आणि भाषेंत बरोबरीचें चिन्ह फार क्वचित् खरें असतें. ‘गॅरुलस’, ‘लॉक्वेशस’, ‘व्हर्बोस’ व ‘ग्लिब’ हे चार शब्द घ्या. यादींत चौघांपुढेंही ‘फार बोलणारा’ अशाच मासल्याचा अर्थ सांपडेल. परंतु क्षुल्लक गोष्टींविषयीं अखंड बडबडणारा, ज्याच्या तोंडीं शब्द सहज व विपुल येतात असा, दोन वाक्यांच्या जागीं दहा वाक्यें खर्चणारा, आणि ज्याच्या गुळगुळीत बोलण्यांत मनापासून असें कांहींच नसतें असा, हीं चार निरनिराळीं माणसें आहेत. गंमत अशी कीं, हा विवेक मराठी मुलास नवा नाहीं. वाचाळ, बोलघेवडा, तोंडाळ व पाल्हाळीक हे शब्द तो एकमेकांच्या जागीं कधींही वापरणार नाहीं. तोंडाळ शेजारणीस पाल्हाळीक म्हणण्याची चूक पासलीचें लहान पोरही करावयाचें नाहीं. जो भेद स्वभाषेंत त्यास उपजत कळतो, तोच इंग्रजीपाशीं आला कीं यादी त्यास विसरावयास लावते.

कांहीं शब्द तर उघड दगा देतात. ‘एनर्व्हेट’ हा शब्द कानास जोमदार लागतो, म्हणून अनेक जण त्याचा अर्थ ‘जोम आणणें’ असा धरून चालतात. तो आहे बरोबर उलट, जोम हरण करणारा. ‘सॅन्क्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे गोडी नसलेला नव्हे, तर ज्याचा स्वतःचा कांहीं स्वार्थ गुंतलेला नाहीं असा. न्यायाधीशाच्या अंगीं हा गुण असलाच पाहिजे, आणि न्यायाचीच ज्यास गोडी नाहीं असा न्यायाधीश मात्र कोणासही नको. असे शब्द अर्धवट कळले असतां नुसते दोन गुण जात नाहींत. ज्या अर्जांत आपण कोण, आपणांस काय शिकावयाचें आहे व कां, हें सांगावयाचें असतें, त्याच अर्जांत विद्यार्थी असे शब्द पेरतो. न वाचलेल्या दस्तऐवजावर अंगठा उठविणाऱ्या कुळाची आपण कींव करतों. ज्याचें वजन आपणांस ठाऊक नाहीं त्या शब्दानें स्वतःचें वर्णन करणारा पदवीधर त्याहून फार निराळें काय करतो?

येथें कोणी म्हणेल कीं, हा सगळा सोवळेपणा पोट भरलेल्यांचा आहे. दार त्या मुलानें बांधलेलें नाहीं. किल्ली कोणती लागेल हें ठरविणारेही दुसरेच. ज्या घरांत इंग्रजी पुस्तकांचीं कपाटें आहेत व जेवतांना इंग्रजींत वाद चालतात, त्या घरच्या मुलास हे हजार शब्द वारशानें, फुकट मिळतात. पासलीचा मुलगा तेच शब्द रात्री जागून, रोख किंमत देऊन विकत घेतो. आणि परीक्षेचें वीस हजार रुपयांवरचें शुल्क त्याशिवाय भरतो. वारशानें मिळालेलें तें अस्सल, आणि कष्टानें मिळविलेलें तें उसनें, हा कोणता न्याय?

हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. किंबहुना या विषयांतील सर्वांत बळकट म्हणणें हेंच. त्या मुलानें परीक्षकास फसविलें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. एवढेंच नव्हे, तर दारच काढून टाकलें म्हणजे अन्याय संपला असेंही मानण्यास आम्ही तयार नाहीं. २०२० नंतर अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठ-विभागांनीं ही परीक्षा ऐच्छिक केली किंवा बंद केली. हेतु उदार होता. परंतु परीक्षा गेली म्हणजे जें उरतें त्याचें वजन वाढतें. आणि उरतात तीं शिफारसपत्रें, नामांकित महाविद्यालयाचें नांव व सफाईदार निबंध. हीं तर पासलीहून अधिकच दूर आहेत. पदवीपूर्व प्रवेशाच्या बाबतींत असाच अनुभव घेऊन मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्रसंस्थेनें २०२२ सालीं प्रवेशपरीक्षा पुन्हां सक्तीची केली. साधनें कमी असलेल्या मुलांची योग्यता परीक्षेनें अधिक चांगली दिसते, असें कारण तिनें दिलें. तात्पर्य, साध्या पुस्तकावरून तयारी करतां येते ती परीक्षा गरिबाची शत्रूच असते असें नाहीं.

मग अपराध कोठें आहे? आमच्या मतें तो परीक्षकाविरुद्ध घडत नाहीं. तो घडला तर स्वतःविरुद्ध व स्वभाषेविरुद्ध घडतो. यादी घोकतांना जी समजूत मनांत शिरते असें आम्ही वर म्हटलें, तीच खरी हानि. इंग्रजी शब्द कठीण, म्हणून मौल्यवान. घरचा शब्द सोपा, म्हणून हलका, असें गणित हळूहळू बसत जातें. ‘खाचर’ हा शब्द पुण्यांत उच्चारण्याची लाज वाटूं लागते. पुढें घरीं पत्र पाठवितांना किंवा फोनवर बोलतांना सांगण्यासारखें पुष्कळ असतें, पण सांगण्याची भाषाच सुटलेली असते. आईनें ‘तिकडे काय शिकतोस?’ म्हणून विचारलें असतां ‘तुला नाहीं कळायचें’ असें उत्तर मिळतें. हें उत्तर आईच्या अज्ञानाचें नव्हे, मुलाच्या दारिद्र्याचें द्योतक आहे. कारण त्याचें ज्ञान ज्या शब्दांत आहे ते शब्द अद्याप त्याचे झालेले नाहींत.

ही समजूत किती खोटी आहे हें आपला इतिहासच सांगतो. ज्या राजगड-तोरण्याच्या छायेंत हा मुलगा वाढला, तेथून उभ्या राहिलेल्या राज्यानें फारसी संज्ञांच्या जागीं योजावयाच्या संस्कृत शब्दांचा ‘राज्यव्यवहारकोश’ मुद्दाम रचवून घेतला. गड जिंकणाऱ्यांसही शब्द हा किरकोळ विषय वाटला नाहीं. पुढें इंग्रजी अमलांत कंपनीच्या लष्करांतील मोल्सवर्थ या अधिकाऱ्यानें पंडितांच्या साह्यानें मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८३१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. परक्या मुलखांतील मनुष्य आपल्या आजीबाईंचे शब्द वेंचण्यांत आयुष्याचीं वर्षें घालवितो, आणि त्याच आजीचा नातू ते टाकून देण्यास उतावीळ होतो, हा विरोध विचार करण्याजोगा आहे.

याच्या उलट, परक्या शब्दांचें ऋण घेऊन तें कसें फेडावें याचे धडेही आपणांकडे आहेत. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ १८३२ च्या जानेवारींत निघालें, तें दोन स्तंभांचें होतें. एकांत इंग्रजी मजकूर, शेजारीं मराठी. जें इंग्रजींत म्हणावयाचें तें शेजारच्या स्तंभांत मराठी वाचकापुढेंही उभें राहिलें पाहिजे, ही केवढी कडक कसोटी! श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ सालीं अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून परतले, आणि नंतर त्यांनीं तेवीस भागांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश मराठींत उभा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. इंग्रजीवरील त्यांचें प्रभुत्व सर्वश्रुत आहे. परंतु १९२० च्या जानेवारींत त्यांनीं ‘मूकनायक’ काढलें तें मराठींत, आणि काढलें तें ज्यांना इंग्रजीचा गंधही लागूं दिला नव्हता त्यांच्याकरितां. त्यांच्या काळीं आजची परीक्षा नव्हती, हें खरें. परंतु परभाषेंतील अवघड शब्दांचा डोंगर त्यांनाही चढावा लागला होता. तो चढून ते वरच राहिले नाहींत, एवढाच येथें मुद्दा आहे.

यावरून विद्यार्थ्याकरितां एक साधी कसोटी निघते. वहींत दोन स्तंभ असतात तेथें तिसरा आंखावा, आणि त्यांत आपल्या घरीं बोलला जाणारा शब्द किंवा वाक्प्रचार लिहावा. शब्दकोशांतला जड प्रतिशब्द नव्हे. ‘इक्विव्होकेट’ म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवून बोलणें. ‘ऑब्सिक्विअस’ म्हणजे हांजी हांजी करणारा. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ म्हणजे चालढकल. ‘ॲस्वेज’ म्हणजे दुखऱ्या जागेवर फुंकर घालणें. असा शब्द सांपडला कीं इंग्रजी शब्दास एक ओळखीचा चेहरा मिळतो. तो गांवांतील कोणा ना कोणा माणसाजवळ जाऊन उभा राहतो, आणि मग विसरत नाहीं. कोठें अगदीं जुळता शब्द मिळणार नाहीं. इंग्रजींत ‘सेरेन्डिपिटी’ म्हणून एक शब्द आहे. शोधावयास जावें एक आणि हातीं लागावें दुसरेंच, पण मोलाचें, असा योग तो सांगतो. सिंहलद्वीपाच्या जुन्या नांवावरून होरेस वॉलपोल यानें तो १७५४ सालीं बनविला. याला मराठींत एका शब्दानें गांठणें कठीण. आणि आपल्या ‘माहेर’ या शब्दास इंग्रजींत कोठें जागा सांपडेल? अशी फट दिसली म्हणजे खेद मानूं नये. दोन समाज कोठें निराळे आहेत हें त्या फटींतूनच दिसतें, आणि एवढें दिसणें हेंच भाषा शिकण्याचें खरें फळ होय.

यावर ‘इतका वेळ कोणास आहे?’ अशी तक्रार येईल. हजार शब्दांना तिसरा स्तंभ लिहावयाचा म्हणजे महिन्याचें काम तीन महिन्यांवर जाईल, हें खरें आहे. सगळ्या शब्दांस तो लाभला नाहीं तरी चालेल. परंतु ज्या शब्दांनीं आपण स्वतःविषयीं बोलणार, निदान त्यांस तरी तो असावा. आजकाल भारदस्त शब्दांनीं भरलेला निबंध यंत्रही क्षणांत लिहून देतें. त्यामुळें भारदस्त शब्द जवळ असणें यांत आतां विशेष कांहीं उरलें नाहीं. हा शब्द मीच, माझ्या अनुभवास लावून पाहून वापरला आहे, असें म्हणतां येणें हीच गोष्ट काय ती दुर्मिळ राहिली आहे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा यादी घोकीत असतां त्याला चहा नेऊन देणें हें प्रेमाचें काम खरेंच. पण कधीं त्याच्यापाशीं बसून एखादा शब्द विचारावा, आणि त्यानें इंग्रजींत अर्थ सांगितला तर ‘आपल्या भाषेंत सांग’ म्हणून आग्रह धरावा. ज्या आईस इंग्रजी येत नाहीं ती या कामास अधिकच योग्य. कारण तिची समजूत पटल्यावांचून सुटका नाहीं. तिला शब्द पटला कीं मुलाचा तो झाला असें खुशाल समजावें. मग त्या शब्दाचा ऋणको म्हणून नव्हे, धनी म्हणून तो अर्जावर सही करूं शकेल.

या परीक्षेचे गुण पांच वर्षेंपर्यंत ग्राह्य धरतात. त्यानंतर त्यांस कोणी विचारीत नाहीं. परंतु त्यांच्याकरितां शिकलेले शब्द माणसाबरोबर पन्नास वर्षें राहूं शकतात. ते घरांत नुसते पडून राहावे कीं घरचे व्हावे, हें ठरविणें मात्र परीक्षकाच्या हातीं नाहीं. तें सर्वस्वीं शिकणाराच्याच हातीं आहे.